अक्षता आधी, सावधान मागून : मागे पडणाऱ्या घड्याळाच्या नोंदी

९ मे २००६, मंगळवार, सांगली

व्हिडिओ कॅसेट क्र. १४ सीडीसाठी संगणकावर उतरवून घेतली. १९९४ चं लग्न, बाबांनीच शूट केलेलं. रात्री जेवणानंतर तपासायला बसलो. सुरुवातीची सीमांतपूजन वगैरे ठीक वाटली, निदान कुणाचं लक्ष गेलं नाही. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास पडद्यावर अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, हार घालून झाले, वाजंत्रीवाल्यांचे गाल फुगले, आणि आवाजात मात्र भटजी निवांत तिसऱ्या मंगलाष्टकावर. 'सावधान' ऐकू आलं तोवर फोटोसाठी रांग लागलेली. बाबा म्हणाले, "हे लग्न मुहूर्तावर लागलं की नाही, ते आता कोर्टातच ठरेल."

मिनिटभराहून जास्त फरक आहे. आवाज मागे, चित्र पुढे. शेवटाकडे तो वाढत जातो.

यंत्र नोंदवून ठेवतो, पुढे लागेल: पेंटियम ३, ८६६ मेगाहर्ट्झ, इंटेल ८१५ई चिपसेट, २५६ एमबी रॅम, ४० जीबी डिस्क, बीटी८७८ चिपचं टीव्ही ट्यूनर कार्ड. डेबियन सार्ज, म्हणजे लिनक्स. गेल्या महिन्यात कर्नल (लिनक्सचा गाभा) २.४ काढून २.६.८ टाकला. चित्र ३५२ बाय २८८, कॅप्चर होतानाच, म्हणजे फितीवरून संगणकात येतानाच, दाबलं जातं, तासाला साधारण ९०० एमबी.

गेल्या वर्षीच्या पुरानंतर लोक कॅसेटी घेऊन येतायत. काहींच्या फितीला अजून गाळाचा वास आहे. ४१ कॅसेटी कपाटात आहेत. त्यामुळे हे निस्तरायलाच हवं.

१० मे

वेगळीच गोष्ट दिसली. कोपऱ्यातलं संगणकाचं घड्याळ माझ्या मनगटी घड्याळापेक्षा पावणेतीन मिनिटं मागे. सकाळी लावलं होतं. दुपारी पुन्हा बरोबर लावून एक तासाची कॅसेट घेतली. तास संपला तेव्हा १ मिनिट ३८ सेकंद मागे. कॅप्चर बंद करून तासभर नुसतं चालू ठेवलं, तर एक सेकंदही हललं नाही.

आवाज आणि चित्राची भानगड इथेच असणार. कॅप्चर करणारा प्रोग्रॅम प्रत्येक चित्रावर संगणकाच्या घड्याळातली वेळ टाकतो. घड्याळ हळू चाललं की त्याला वाटतं चित्रं भराभर येतायत, आणि तो 'जादा' चित्रं गाळतो. आवाज मात्र साउंड कार्डाच्या स्वतःच्या स्फटिकावर मोजला जातो. साठ मिनिटांचा आवाज आणि साडेअठ्ठावन्न मिनिटांचं चित्र, असं ते लग्न झालंय.

११ मे

दुकानदार ऐकूनही न घेता म्हणाला, "सेल गेलाय." घड्याळ म्हटलं की सेल. मदरबोर्डावरचा सीआर२०३२ बदलला. त्यानंतर कॅप्चर: १ मिनिट ४४ सेकंद मागे. म्हणजे सेलाचा दोष नव्हता, आणि विचार केला असता तर आधीच कळलं असतं. तो सेल संगणक बंद असताना लागतो. आमचं घड्याळ चालू असताना मागे पडतंय.

१३ मे

तीन दिवस डोकं खाणारी गोष्ट. रात्री रीतसर शटडाउन केलं की सकाळी घड्याळ मागेच असतं. पण मध्ये भारनियमनात इन्व्हर्टरही उतरला आणि संगणक धाडकन बंद पडला, तर वीज आल्यावर वेळ बिनचूक! बाबांनी निष्कर्ष काढला की भारनियमन संगणकाच्या प्रकृतीला मानवतं.

उलगडा आज झाला. यंत्रात दोन घड्याळं आहेत. एक मदरबोर्डावरचं, सेलावर चालणारं, सेकंदाला ३२,७६८ कंपनं करणाऱ्या स्फटिकाचं. ते कुणाच्या अध्यातमध्यात नसतं. दुसरं कर्नलचं, मेमरीतलं. सुरू होताना कर्नल पहिल्याकडून एकदा वेळ विचारून घेतो आणि पुढे आपलं आपण मोजतो. रीतसर बंद करताना डेबियनची स्क्रिप्ट कर्नलची वेळ परत मदरबोर्डावर लिहिते. म्हणजे मागे पडलेली वेळ चांगल्या घड्याळावर लादते! वीज गेली की ती स्क्रिप्ट चालतच नाही, आणि चांगलं घड्याळ चांगलं राहतं.

आणखी एक हिशेब जुळला. १ मेपासून संगणक इन्व्हर्टरवर आहे. त्याआधी दिवसातून दोनदा तरी झटक्यात बंद पडायचा, म्हणजे दोनदा आपोआप वेळ दुरुस्त व्हायची. त्यामुळे एप्रिलमध्ये घड्याळ मागे पडत असेलही, पण कुणाच्या डोळ्यावर आलं नसेल. नवा इन्व्हर्टर उगाच बदनाम होत होता.

दोन्ही घड्याळं शेजारी शेजारी छापून पाहिली. तासभर कॅप्चर: मदरबोर्डाचं मनगटी घड्याळाशी जुळतंय, कर्नलचं १०४ सेकंद मागे. चोर घरातलाच.

१४ मे, रविवार

दिवसभर वीज राहिली, म्हणून एकेक गोष्ट सुटी करून पाहिली. ट्यूनर कार्डावर माझा पक्का संशय होता. जुनं कार्ड, ड्रायव्हर उलट्यासुलट्या पॅरामीटरांवर चालवलेला.

आधी व्हीसीआर नुसता पडद्यावर दाखवला, काहीही न साठवता. तास झाला, फरक शून्य. मग कॅप्चर केलं, दाबलंही, पण फाइल डिस्कवर न लिहिता शून्यात, म्हणजे डेव्ह-नल मध्ये, सोडली. प्रोसेसर ९० टक्क्यांच्या वर, पंखा ओरडतोय. फरक शून्य. इथे खरं तर मला पटेना, म्हणून पुन्हा केलं. पुन्हा शून्य. मग तेच कॅप्चर डिस्कवर: १०१ सेकंद.

शेवटी व्हिडिओच काढून टाकला. व्हीसीआर बंद, कार्डाचा ड्रायव्हर उतरवला, आणि ५०० एमबीची नुसत्या शून्यांची फाइल डिस्कवर लिहायला सांगितली. मनगटी घड्याळावर २ मिनिटं २१ सेकंद लागले. संगणक म्हणाला १ मिनिट १९ सेकंद. बासष्ट सेकंद गिळले, आणि तेही अडीच मिनिटांच्या आत.

म्हणजे व्हिडिओचा यात काडीचा संबंध नाही. आम्ही व्हिडिओच्या वेळीच घड्याळाकडे पाहत होतो, एवढंच. कार्डाची मनातल्या मनात माफी मागितली.

१५ मे

कर्नलचा संदेशसंग्रह शांतपणे वाचला. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. ट्यूनर कार्डाच्या चाळीसएक ओळींखाली दडलेला मजकूर, सार असं: फार ठोके हुकत आहेत, टीएससी वेळेसाठी वापरता येत नाही, संभाव्य कारणं अशी, आणि आता दुसऱ्या साधनावर जात आहे. कारणांच्या यादीतली दुसरी ओळ: तुमच्या हार्ड डिस्कसाठी डीएमए चालू नसेल, एचडीपार्म (डिस्कच्या सेटिंगा पाहायचं-बदलायचं साधन) पहा.

सहा दिवस मी जे शोधतोय ते यंत्राने पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं.

एचडीपार्मने विचारलं: डीएमए बंद. अनमास्क बंद. मल्टिकाउंट १६. वाचनाचा वेग सेकंदाला ६.१ एमबी. हा वेग पाहून थोडा वेळ खूश होतो, मग लक्षात आलं, हा वेगही त्याच आजारी घड्याळाने मोजलाय. कालच्या ५०० एमबीला खऱ्या १४१ सेकंदांनी भागलं तर ३.५ एमबी येतात. डॉक्टरच तापात असला की थर्मामीटरचं काय ऐकणार.

आता यंत्रणा समजली, ती लिहून ठेवतो.

कर्नलचं घड्याळ चालत नाही, ते मोजतं. मदरबोर्डावरचा टायमर ठरावीक वेळाने प्रोसेसरला टिचकी मारतो, इंटरप्ट. कर्नल प्रत्येक टिचकीला एक ठोका वाढवतो. जुन्या २.४ कर्नलमध्ये सेकंदाला १०० ठोके, दर १० मिलिसेकंदांनी एक. माझ्या २.६.८ मध्ये १०००, दर मिलिसेकंदाला एक.

डीएमए असेल तर डिस्क आणि मेमरी आपसात माल उचलतात, प्रोसेसर फक्त सुरुवात करून देतो. डीएमए नसेल तर पीआयओ, म्हणजे प्रोसेसर स्वतः हमाली करतो, दोन-दोन बाइट उचलून. अनमास्क बंद असल्यामुळे एक खेप संपेपर्यंत तो बाकी कुणाची टिचकी ऐकत नाही. मल्टिकाउंट १६ म्हणजे एका खेपेला १६ सेक्टर, ८ केबी. ३.५ एमबीच्या वेगाने ८ केबीला सव्वादोन मिलिसेकंद. तेवढ्यात दोन ठोके येऊन जातात. इंटरप्ट कंट्रोलर एका ओळीवर एकच ठोका राखून ठेवू शकतो. दुसरा गेला.

हिशेब करून पाहिला. तासाला ९०० एमबी, ८ केबीच्या खेपा १,१५,२००. प्रत्येक खेपेला एक मिलिसेकंद गेला तर ११५ सेकंद. माझी मोजणी: ९८, १०४, १०१. इतकं जवळ आलेलं पाहून चहा केला.

आणि २.४ मध्ये का होत नव्हतं? डीएमए तेव्हाही बंदच असणार, डिस्क मंद होतीच. पण दहा मिलिसेकंदांच्या ठोक्यात सव्वादोनची खेप आरामात मावते. दोष जुनाच होता, मी कर्नल बदलल्यावर त्याला तोंड फुटलं.

२.६ अगदीच बावळट नाही. प्रोसेसरच्या आत टीएससी नावाचा मोजक असतो, दर कंपनाला एक वाढणारा. उशिरा आलेला ठोका त्याच्याशी ताडून कर्नल हुकलेले ठोके भरून काढतो. पण सलग शंभराहून जास्त वेळा तसं करावं लागलं की त्याचा टीएससीवरचाच विश्वास उडतो आणि तो साध्या टायमरवर येतो, जिथे हुकलेलं कळण्याची सोयच नाही. तिथून पुढे रीबूट होईपर्यंत गळती. संशय खऱ्या माणसावर घ्यायचा आणि चुकणाऱ्याला ठेवून घ्यायचं!

बाबांना हे सांगत होतो तर ते म्हणाले, "हे घटिकापात्रासारखं आहे." त्यांनी लहानपणी आत्याच्या लग्नात पाहिलेलं: घंगाळात पाणी, त्यावर तळाला बारीक भोक असलेली वाटी. चोवीस मिनिटांत भरून बुडते, एक घटका झाली. शेजारी एक म्हातारे लक्ष ठेवायला. बुडाली की काढायची, रिकामी करून पुन्हा सोडायची, आणि भिंतीवर कुंकवाचं बोट उठवायचं. "म्हाताऱ्याला डुलकी लागली तर? वाटी बुडालेली दिसते, पण किती वेळापूर्वी बुडाली ते वाटी सांगत नाही." इंटरप्ट कंट्रोलरचं याहून चांगलं वर्णन मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

१८ मे

पुण्याचा मामेभाऊ फोनवर: "एनटीपी लाव, विषय संपव." एनटीपी म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय. डायल-अपवरून लावून पाहिलं. विषय संपला नाही. एनटीपीचा डीमन (पडद्याआड चालत राहणारा प्रोग्रॅम) घड्याळाचा वेग दहा लाखांत ५०० भागांपर्यंतच वळवतो, म्हणजे तासाला १.८ सेकंद. आमची गळती तासाला शंभर. मग तो मधूनमधून घड्याळ उचलून पुढे फेकतो. कॅप्चरच्या मध्यात अशी उडी बसली की चित्र तिथे गचका खातं. फोनचं बिल वेगळंच. काढून टाकलं.

त्याच्याकडे एक्सपी आहे. त्याला सांगितलं की तुझंही बघून ठेव: डिस्कच्या वाचण्या-लिहिण्यात एकूण सहा चुका झाल्या की एक्सपी गुपचूप पीआयओवर उतरतं. तो म्हणाला, "माझं सगळं बरोबर आहे." अर्ध्या तासाने परत फोन. सेकंडरी चॅनेल पीआयओवर होता.

२१ मे, रविवार

सगळ्या तयार फाइली सीडींवर काढून घेतल्या, मगच डिस्कला हात लावला. अनमास्कबद्दल एचडीपार्मच्या पानावरच ताकीद आहे की काही जोड्यांमध्ये फाइल सिस्टिमची वाट लागू शकते.

अनमास्क चालू केलं. टीएससी परत मिळावा म्हणून रीबूट करून लगेच. तासभर कॅप्चर: १ सेकंद. घड्याळ बरं झालं, पण प्रोसेसर अजून हमालीच करतोय आणि मधूनच चित्र अडखळतं. ही मलमपट्टी झाली.

डीएमए चालू करायला गेलो तर उत्तर: परवानगी नाही. रूट, म्हणजे यंत्रावर सगळे अधिकार असलेला, असून परवानगी नाही! संध्याकाळ त्यात गेली.

२२ मे

कारण सापडलं आणि ते सार्जवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. सुरू होताना आधी आयडीई-जेनेरिक हे सर्वसाधारण मॉड्यूल (कर्नलचा सुटा भाग, इथे डिस्कचा ड्रायव्हर) येऊन डिस्कचा ताबा घेतं. त्याला इंटेलच्या चिपसेटची भाषा येत नाही, म्हणून डीएमए देता येत नाही. खरं मॉड्यूल पीआयआयएक्स मागून येतं आणि जागा भरलेली पाहून गप्प बसतं. एसटीतली रुमाल टाकलेली सीट.

एमकेइनिटआरडीच्या मॉड्यूल यादीत पीआयआयएक्स सगळ्यात वर लिहिलं, इनिटआरडी (सुरू होताना कर्नलला लागणाऱ्या मॉड्यूलांचं गाठोडं) नव्याने बांधली, रीबूट. जुनी इनिटआरडी बूट मेनूत ठेवली, नाहीतर यंत्र उठलंच नसतं तर काय.

डीएमए आपोआप चालू. यूडीएमए ३३, म्हणजे सेकंदाला ३३ एमबीपर्यंतचा डीएमए. डिस्क आणि चिपसेट १०० पर्यंत जाऊ शकतात, पण केबल जुनी चाळीस तारांची आहे, ऐंशीची नाही. ३३ पुरे. वाचनाचा वेग २७ एमबी, आणि यावेळी मनगटी घड्याळानेही २७ च.

५०० एमबीची शून्यं: दोन्ही घड्याळांवर २१ सेकंद.

२३ मे

घड्याळ बरोबर, पण सकाळी सुरू केल्यावर साडेतीन मिनिटं चुकलेलं. क्षणभर पोटात गोळा आला. अ‍ॅडजटाइम फाइल उघडली. मदरबोर्डाचं घड्याळ रोज किती सेकंद चुकतं याचा अंदाज तिच्या पहिल्या आकड्यात असतो. इतके दिवस रोज रात्री चुकीची वेळ 'खरी' म्हणून लिहिली गेली, त्यामुळे तिथे तीन अंकी आकडा बसला होता, आणि सुरू होताना यंत्र त्या आकड्याने चांगल्या घड्याळाला 'सुधारत' होतं. फाइल पुसली, वेळ लावली. संपलं.

२८ मे

पाच दिवस, सात कॅसेटी. दिवसाला एखाद सेकंदाच्या आत. आवाज आणि ओठ जुळतायत. पावसाआधी तीस कॅसेटी होतील असं वाटतंय.

३ जून, शनिवार

बढाई मारायला नको होती. कॅसेट क्र. २३ मध्ये तिसाव्या मिनिटानंतर पुन्हा आवाज मागे. घड्याळ ४० सेकंद मागे.

यावेळी सरळ संदेशसंग्रह उघडला. डिस्कच्या नावाने बॅडसीआरसी, म्हणजे केबलवरून आलेला माल पावतीशी जुळत नाही, परत पाठवा. एक, दोन, मग रांगच. कर्नल दर काही चुकांनी वेग एक पायरी उतरवत गेला आणि शेवटी थेट पीआयओ. पुढचं सगळं पुन्हा तेच.

कॅबिनेट उघडलं. शुक्रवारी धूळ काढताना मीच केबल दुमडून डिस्कखाली दाबली होती. दुमडीवर नखाने चाचपलं तर एक तार मऊ लागते.

४ जून

ऐंशी तारांची केबल आणली. दुकानदाराने विचारलं, "सेल बदलल्यावर घड्याळ नीट झालं ना?" हो म्हणालो. निळं टोक मदरबोर्डाला, काळं डिस्कला. कनेक्टर पूर्वीसारखाच चाळीस पिनांचा. जादा चाळीस तारा सगळ्या अर्थिंगच्या, प्रत्येक सिग्नलच्या शेजारी एक, म्हणजे एकाची कुजबुज दुसऱ्याला ऐकू जात नाही.

यूडीएमए १००. वेग ३४. चुका शून्य.

एक छोटी स्क्रिप्टही बसवली: दर दहा मिनिटांनी दोन्ही घड्याळांतला फरक फाइलीत लिहिते, आणि दोन सेकंदांच्या वर गेला की घंटी वाजवते. बाबांनी तिला 'म्हातारा' नाव दिलंय.

६ जून

क्र. १४ पुन्हा घेतली. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले, यावेळी हातात चहा. अंतरपाट धरलेला, भटजींचं शेवटचं मंगलाष्टक, 'सावधान', आणि त्याच क्षणी अक्षता. बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "कॅमेरा जरा हललाय तिथे. गर्दीत कुणीतरी धक्का दिला होता."

म्हाताऱ्याच्या फाइलीत आज सगळीकडे शून्य. क्र. २४ च्या फितीवर पांढरी बुरशी दिसते, आधी साफ करावी लागेल. स्पिरिट संपलंय.